घंटा वाजली नाही, यावरून काय कळतं? रुग्णालयातलं बांधकाम आणि बंद ठेवलेला फायर अलार्म

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं फायर अलार्मवर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. वायर कुठून न्यावी, डिटेक्टर किती अंतरावर लावावा, हे मी सांगणार नाही. त्यासाठी आपल्याकडे ‘आयएस २१८९’ हे भारतीय मानक आहे, राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग आहे आणि ते वाचलेले इंजिनिअर आहेत. मला बोलायचंय एका अगदी छोट्या कृतीबद्दल. रुग्णालयात दुरुस्तीचं काम निघतं. सकाळी मेंटेनन्सचा माणूस पॅनलपाशी जातो, दोन-चार बटणं दाबतो आणि एका भागातले डिटेक्टर तेवढ्यापुरते बंद करतो. या धंद्यात त्याला ‘आयसोलेट करणं’ म्हणतात. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण त्या अर्ध्या मिनिटात इमारतीतल्या शांततेचा अर्थ बदलतो, आणि तो बदलल्याचं बहुतेकांना माहीत नसतं.

आधी हे यंत्र करतं काय, ते बघू. छताला उपडी वाटी चिकटवल्यासारखा जो पांढरा डिटेक्टर दिसतो, त्यात एक अंधारा कप्पा असतो. कप्प्यात एक बारीक दिवा आणि प्रकाश टिपणारा एक डोळा असतो, पण दिव्याचा प्रकाश सरळ डोळ्यावर पडू नये अशी त्यांची मांडणी असते. धुराचे कण आत शिरले की त्यांच्यावर आदळून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यापर्यंत पोचतो, आणि यंत्र म्हणतं, धूर! उन्हाच्या तिरिपेत खोलीतली धूळ चमकते ना, तेच तत्त्व. आणि अडचणही तिथंच आहे. या डोळ्याला धूर आणि धूळ यांतला फरक नीटसा कळत नाही. फरशी कापणं, पीओपी घासणं, जुनं प्लास्टर फोडणं, यांची धूळ त्याला धुरासारखीच दिसते.

मग बंद न करता काम करावं का? करून बघा. सकाळपासून चार वेळा घंटा वाजेल. रुग्णालयात ती नुसती वाजत नाही, तिच्यामागे कामांची एक साखळी जोडलेली असते. अलार्म लागला की वातानुकूलनाचे पंखे थांबतात, नळ्यांमधल्या झडपा बंद होतात, लिफ्ट तळमजल्यावर जाऊन उभ्या राहतात, चुंबकी कुलपांची दारं सुटतात. ऑपरेशन थिएटरकडे निघालेला स्ट्रेचर लिफ्टपाशी अडकतो. शिवाय ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तीन दिवस खोटी घंटा ऐकलेली सिस्टर चौथ्या दिवशी हातातलं सलाईन खाली ठेवून धावेल, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेची ‘फायरकोड’ नावाची मार्गदर्शिका मालिका आहे. तिच्यात केवळ आरोग्यसंस्थांमधले खोटे अलार्म कमी कसे करावेत यावर एक स्वतंत्र भाग आहे, इतका हा प्रश्न गंभीर मानलेला आहे. तेव्हा आयसोलेट करणं हा गुन्हा नाही. कधी कधी तोच शहाणपणा असतो.

आता थोडं माझ्या घरचं बोलतो.

आपल्या दर्शनांमध्ये एक जुना वाद आहे. एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कशानं कळतं? जमिनीवर घडा नाही. ‘घडा नाही’ हे ज्ञान आलं कुठून? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणतात, याला एक वेगळं प्रमाण मानायला हवं. त्याचं नाव अनुपलब्धी. उपलब्धी म्हणजे प्रत्यय येणं, कळणं. तो न येणं ही अनुपलब्धी. नैयायिकांना हे वेगळं प्रमाण मान्य नाही, ते म्हणतात अभावसुद्धा प्रत्यक्षानंच कळतो. तो वाद आज सोडून देऊ. पण एका अटीवर दोन्ही पक्ष एकमतानं उभे आहेत, आणि आपल्याला ती अट हवी आहे. नुसतं दिसलं नाही एवढ्यावरून नाही असं ठरत नाही. ती वस्तू तिथं असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असायला हवी. म्हणून ते ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. भरपूर उजेडात घडा दिसला नाही, तर घडा नाही. मिट्ट काळोखात घडा दिसला नाही, तर काहीच कळलं नाही. पिशाच दिसलं नाही म्हणून पिशाच नाही असं म्हणता येत नाही, कारण ते असतं तरी दिसलंच नसतं.

आता हे रुग्णालयाला लावा. रात्रीचे दोन वाजलेत. तिसऱ्या मजल्यावरची सिस्टर टेबलापाशी बसून चार्ट भरतेय. घंटा वाजत नाहीये. त्यावरून ती मनाशी न म्हणताही धरून चालते, की आग नाही. तिचं हे अनुमान बरोबर आहे का? डिटेक्टर जागे असतील तर बरोबर आहे. आग असती तर घंटा वाजलीच असती. पण दुपारी कुणी तो भाग आयसोलेट केला असेल आणि संध्याकाळी परत सुरू केला नसेल, तर तिच्या भोवती काळोख आहे आणि तिला वाटतंय उजेड आहे. कानाला ऐकू येणारी शांतता मात्र दोन्ही वेळा अगदी सारखी. खऱ्या काळोखात निदान आपल्याला दिसत नाहीये, हे तरी कळतं. इथं तेही कळत नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आयसोलेशनचं व्यवस्थापन म्हणजे या शांततेचं व्यवस्थापन. त्यात दोन कामं येतात. यंत्राचा डोळा मिटला असेल तेवढा वेळ दुसरा कुठला तरी डोळा उघडा ठेवणं हे एक, आणि जे जे लोक त्या शांततेवर विसंबून आहेत त्यांना ‘आज हिचा अर्थ वेगळा आहे’ हे सांगणं हे दुसरं. पहिलं काम थोडंफार होतं. दुसरं फार क्वचित होतं.

रुग्णालयातच एवढा अट्टहास का? कारण ऑफिसात घंटा वाजली की माणसं जिन्यानं उतरतात. इथं उतरता न येणारी माणसंच जमा केलेली असतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१च्या रात्री नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. तिथं बांधकामाचा संबंध नव्हता, पण रुग्णालयातल्या आगीत मिनिटांचा अर्थ काय असतो, हे महाराष्ट्राला त्या रात्री कळलं. म्हणून रुग्णालयात एकदम सगळी इमारत रिकामी करत नाहीत. आगीच्या भागातले रुग्ण त्याच मजल्यावर, आगरोधक भिंतीपलीकडच्या भागात सरकवतात, खाटेसकट, ऑक्सिजनसकट. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ मिळतो दोन गोष्टींमुळे. आग लवकर कळते आणि मधली भिंत धूर अडवते. गंमत बघा, बांधकाम या दोन्हींवर एकदमच घाला घालतं. डिटेक्टर बंद असतात, आणि त्याच वेळी प्लंबर किंवा केबलवाला त्याच भिंतीला, फॉल्स सीलिंगच्या वर, कुणाला दिसणार नाही अशी भोकं पाडत असतो. ती भोकं आगरोधक मसाल्यानं बुजवायची असतात. बहुतेक वेळा ती उघडीच राहतात, फार तर वर्तमानपत्राचा बोळा कोंबलेला असतो.

धूर किती लांब जातो, याचं उदाहरण कोलकात्याचं. ९ डिसेंबर २०११च्या पहाटे ढाकुरियातल्या एएमआरआय रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. नव्वदच्या आसपास माणसं गेली, बहुतेक सगळी वरच्या मजल्यांवर, धुरानं गुदमरून. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या. वातानुकूलनाच्या नळ्या आणि काचेनं बंद केलेली इमारत, एवढं पुरलं. मघाशी ज्या साखळीचा उल्लेख केला, पंखे थांबणं, झडपा मिटणं, तिचं मोल इथं कळतं. एखादा भाग आयसोलेट केला की त्या भागातून सुरू होणारी ही साखळीही झोपते. पुष्कळांना वाटतं आपण फक्त घंटा बंद केली.

बांधकामातूनच लागलेली आग बघायची तर बीजिंगच्या चांगफंग रुग्णालयाकडे बघा. १८ एप्रिल २०२३, दुपारी एकच्या सुमाराची वेळ. आंतररुग्ण इमारतीत नूतनीकरण चालू होतं. कामातल्या ठिणग्यांनी ज्वलनशील रंगाच्या वाफांनी पेट घेतला. २९ माणसं गेली, बहुतेक वृद्ध रुग्ण. खिडकीतून चादरी बांधून उतरणारी, एसीच्या बाहेरच्या पेट्यांवर उभी राहिलेली माणसं तुम्ही तेव्हा बातम्यांत पाहिली असतील. लक्षात घ्या, ही भर दुपारची गोष्ट आहे. रात्रीची नाही, ओसाड जागेची नाही. दवाखाना चालू, रुग्ण खाटेवर, आणि शेजारी एकाच वेळी रंगकाम आणि ठिणग्या उडवणारं काम. लंडनच्या रॉयल मार्सडेन या कर्करोग रुग्णालयात २ जानेवारी २००८ रोजी, वरच्या भागात काम चालू असताना अशीच मोठी आग लागली. छताचा मोठा भाग गेला, पण सगळे रुग्ण बाहेर निघाले, कुणीही दगावलं नाही.

म्हणजे ज्या दिवसांत डिटेक्टर बंद ठेवायची गरज पडते, नेमक्या त्याच दिवसांत आग लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. वेल्डिंग, ग्राइंडर, थिनरचे डबे, प्लायवूडचा भुसा, तात्पुरत्या जोडलेल्या वायरी, कोपऱ्यात विडी ओढणारा कामगार. पाऊस सुरू झाल्यावर छत्री मिटायची, असा हा प्रकार आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, बंद करायच्या आधी धूळ कमी करता येते का ते बघायचं. प्लॅस्टिकचे पडदे, पाणी मारत फरशी कापणं, कापाकापी आवारात करून तयार तुकडे वर आणणं. तेवढ्यानं भागलं तर डिटेक्टरला हात लावायची गरजच नाही. काही ठिकाणी धुराचा डिटेक्टर तात्पुरता काढून त्या जागी उष्णतेचा बसवतात. तो धुळीला फसत नाही. आगीची खबर उशिरा देतो हे खरं, पण काहीच न कळण्यापेक्षा बरं.

बंद करावंच लागलं तर कमीत कमी जागा आणि कमीत कमी वेळ. नव्या पॅनलवर प्रत्येक डिटेक्टरला स्वतःचा नंबर असतो, त्यामुळे एका खोलीतले दोनच बंद करता येतात. जुन्या पॅनलवर अख्खा झोन बंद होतो. आणि पुष्कळदा काच फोडून दाबायची ती लाल पेटी त्याच झोनवर असते. झोन गेला की पेटीही गेली. आता कल्पना करा, सिस्टरनं स्वतःच्या डोळ्यांनी धूर बघितला, धावत जाऊन काच फोडली, आणि काहीच झालं नाही. तिला वाटणार, आपण घंटा दिली. म्हणून झोन बंद करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की या झोनवर लाल पेट्या आहेत का? असतील तर तेवढा वेळ आरोळी कशी द्यायची, कोणत्या नंबरला फोन करायचा, हे आधी ठरवायचं.

यापेक्षा घातक एक प्रकार आहे, आणि तो तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोठा रंजक वाटतो. पॅनलवरून आयसोलेट केलं तर पॅनलवर पिवळा दिवा लागतो. यंत्र कबूल करतं, की मला या भागातलं दिसत नाहीये. पण पॅनलला हात न लावता डिटेक्टरवरच टोपी घातली तर? पॅनलच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं. हिरवा दिवा. आत हवा शिरत नाही, धूर शिरत नाही, आणि यंत्र बेलाशक सांगतं, धूर नाही. एका रुग्णालयाच्या नीतिसमितीवर मी काही वर्षं होतो. तिथं काम संपून रंग वाळून गेलेल्या कॉरिडॉरमध्ये मी वर बघितलं, तर तीन डिटेक्टरवर शस्त्रक्रियेचे रबरी हातमोजे ताणून चढवलेले होते. पाच बोटं खाली लोंबत होती. कामगारांनी चांगल्या हेतूनंच केलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून. मी मेंटेनन्सच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, “सर, पॅनल तर नॉर्मल दाखवतंय.” बिचारा खोटं बोलत नव्हता.

टोपी वाईट असते असं नाही हं. नुसतं पॅनलवरून बंद केलं तर धूळ आत जायची ती जातेच, आणि सुरू केल्यावर महिनाभर खोट्या घंटा वाजत राहतात. म्हणून टोपी घालावी, पण डिटेक्टर बनवणाऱ्यानं दिलेली, लांबून डोळ्यात भरेल अशी, मोजून. सकाळी सात टोप्या चढल्या तर संध्याकाळी सात टोप्या हातात परत आल्या पाहिजेत. ऑपरेशननंतर सिस्टर गॉज मोजतात ना, तसं. रुग्णालयातल्या लोकांना ही शिस्त नव्यानं शिकवायला नको. फक्त ती छतापर्यंत न्यायला हवी.

आता दुसरा डोळा. डिटेक्टर बंद असताना माणसानं फिरत राहायचं, याला ‘फायर वॉच’ म्हणतात. अमेरिकेतली एनएफपीए ही संस्था जी संहिता छापते, तिच्यात असं आहे, की चोवीस तासांत चार तासांपेक्षा जास्त वेळ अलार्म यंत्रणा बंद राहणार असेल तर संबंधित अधिकाऱ्याला कळवायचं, आणि एक तर इमारत रिकामी करायची किंवा मान्य असा पहारा ठेवायचा. हा नियम आपल्याला बांधील नाही, पण आपल्याकडचे सल्लागार तो उद्धृत करतात, आणि कधी कधी उलटा वाचतात: चार तासांपर्यंत काहीच करायला नको! तसा त्याचा अर्थ नाही. अतिदक्षता विभागात तर दहा मिनिटंसुद्धा कुणीतरी बघत असायला हवं.

पहारा म्हणजे गेटवरच्या वॉचमनला “जरा वर पण बघत जा” म्हणणं नव्हे. त्या माणसाला तेवढा वेळ दुसरं काम नको. कुठल्या खोल्या बघायच्या ते माहीत हवं, फोन हवा, विझवायचं नळकांडं वापरता यायला हवं, आणि काम थांबवायचा अधिकार हवा. शेवटचं सगळ्यात अवघड. दिवसाला काही शे रुपये मिळवणारा माणूस मोठ्या कंत्राटदाराला “थांबा” म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल तर तो बघतो, पण त्याच्या बघण्याचा उपयोग नाही. वेल्डिंग संपलं तरी पहारा संपत नाही. ठिणगी भुशात, कापसात तासभर धुमसते. एनएफपीएनं २०१९च्या आवृत्तीत हा नंतरचा पहारा अर्ध्या तासावरून एक तासावर नेला. आपल्याकडे कामगार साडेपाचला शेवटचा टाका मारतो आणि पावणेसहाची लोकल पकडतो.

संध्याकाळी सगळं परत सुरू करायचं. काम दहा दिवसांचं आहे म्हणून दहा दिवस बंद, हे चालणार नाही. आणि सुरू केलं म्हणजे नुसता पिवळा दिवा विझला असं नाही. चाचणीच्या धुराचा फवारा डिटेक्टरवर मारून बघायचा, की खरंच वाजतं का आणि पॅनलवर बरोबर जागेचं नाव येतं का. या नावाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅरिसचं नोत्र दाम १५ एप्रिल २०१९ला पेटलं, तेव्हा तिथंही दुरुस्ती चालू होती. डिटेक्टरनं काम चोख केलं होतं, सव्वासहाच्या सुमारास इशारा दिला होता. पण पॅनलवरच्या संदेशाचा अर्थ चुकीचा लावला गेला, पहारेकरी दुसऱ्याच माळ्यावर गेला, आणि जवळजवळ अर्धा तास गेला. रुग्णालयात काम झालं की खोल्यांची नावं बदलतात. जुन्या पुरुष कक्षात डायलिसिस येतं, स्टोअरचं रिकव्हरी होतं. पॅनलमध्ये मात्र ‘पुरुष कक्ष २’च राहतं.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात २००६चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. चांगली तरतूद आहे. पण तो त्या दिवसाचा फोटो आहे. बांधकाम फेब्रुवारीत सुरू होऊन जूनमध्ये संपलं, तर मधल्या काळातल्या आंधळ्या तासांची नोंद त्यात कुठंच येत नाही. ती रुग्णालयानं स्वतःच ठेवायला हवी.

यात मला टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. शस्त्रक्रियेआधी आपण रुग्णाची सही घेतो, कारण जोखीम त्याच्या शरीराची आहे. इथं सोय कंत्राटदाराची, वेळापत्रक व्यवस्थापनाचं, आणि जोखीम व्हेंटिलेटरवरच्या माणसाची. त्याला कुणी विचारलेलं नाही, विचारता येणारही नाही. मग त्याच्या वतीनं कुणी विचारायचं?

हाच प्रश्न आत्ता चिठ्ठीवर आलाय. एका बाईंनी लिहिलंय, “आमचं वीस खाटांचं नर्सिंग होम आहे. सेफ्टी ऑफिसर परवडत नाही. परवानगीच्या कागदावर सही कुणाची घ्यावी?” बाई, कंत्राटदाराची घ्या, तुमच्या मेंटेनन्सच्या माणसाची घ्या, आणि त्या भागाच्या ड्युटीवरच्या सिस्टरची घ्या. तिच्या सहीशिवाय बंद करायचं नाही, आणि परत सुरू झाल्याचं तिला दाखवल्याशिवाय कंत्राटदारानं जायचं नाही. पाळी बदलताना ती रुग्णांची माहिती देतेच. त्यात ‘खोली ४ आणि ५चे डिटेक्टर बंद, सहाला सुरू होणार’ हे एक वाक्य वाढवा. टेबलामागच्या पांढऱ्या फळ्यावर तेच लिहा, लाल पेननं. आणि सहाला सुरू झाले नाहीत तर तिनं कुणाला फोन करायचा, तो नंबरही खाली लिहा. रात्री उचलला जाणारा नंबर लिहा, ऑफिसचा नको.